आयएल-टू १९४६ चं रिझोल्यूशन हलेना, विमान डावीकडे पळतं, आणि मग खेळायचं तरी काय?

तुमची पोस्ट वाचली आणि तिसऱ्या ओळीतच दुखणं कळलं. आयएल-टू १९४६ हा दुसऱ्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायचा जुना गेम (अशा गेमला सिम म्हणतात) तुम्ही विंडोज ११ वर प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकलाय. गेमच्या सेटिंगच्या कॉन्फ फाईलमध्ये रिझोल्यूशन बदललं तरी गेम १०२४ बाय ७६८ वरच उघडतो. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की पायलट आणि सगळे कंट्रोल गायब. दोनदा काढून पुन्हा टाकला तरी तेच. वर मेसरश्मिट हे जर्मन लढाऊ विमान धावपट्टीवरून डावीकडे गवतात शिरतं. आणि शेवटी विचारलंय, हा नाद सोडून दुसरा कुठला जुना सिम घेऊ?

दुसरे सांगतो, पण गेम बदलून हे जाणार नाही, कारण ते गेमचं दुखणं नाहीच. ड्रायव्हर वगैरे तुम्ही केलेच असतील, त्यात शिरत नाही.

मूळ घोळ प्रोग्रॅम फाइल्सचा आहे. माझे स्वतःचे सगळ्यांत जास्त तास याच एका चुकीत गेलेत, म्हणून जरा सविस्तर. व्हिस्टापासून विंडोज साध्या वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहू देत नाही. पण २००१ च्या काळातला गेम तर स्वतःच्याच फोल्डरमध्ये सेटिंग लिहिणार. तो अडकू नये म्हणून विंडोज गुपचूप एक सोय करतं: गेमने लिहिलेली फाईल भलतीकडे, तुमच्या यूझर फोल्डरमधल्या अ‍ॅपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे ठेवून देतं. त्यानंतर गेमला तीच प्रत दिसते. तुम्ही नोटपॅडमधून उघडता ती मात्र प्रोग्रॅम फाइल्समधली मूळ प्रत. म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली, तुम्ही एकीत लिहिताय आणि गेम दुसरी वाचतोय. एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

आता अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं बघा. तसं चालवलं की ही सोय बंद होते आणि गेम मूळ जागी बघतो. पायलटचं प्रोफाइल तर व्हर्च्युअलस्टोअरमध्ये पडलेलं, म्हणून ते 'गायब'. साधं चालवलं की परत हजर. आणि अनइन्स्टॉल केल्यावर व्हर्च्युअलस्टोअरमधलं काही पुसलं जात नाही, म्हणून तुमचं दोनदा काढून टाकणं फुकट गेलं. जिथे तिथे 'अ‍ॅडमिन म्हणून चालवा' असा सल्ला देणारे लोक हेच दुखणं वाढवतात, हे माझं स्पष्ट मत.

आधी खात्री करा. अ‍ॅपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, त्यामुळे एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत लोकलअ‍ॅपडेटा हा शब्द दोन टक्केचिन्हांच्या मधे टाकून एंटर करा, मग व्हर्च्युअलस्टोअर उघडा. आत प्रोग्रॅम फाइल्स आणि त्यात गेमचं फोल्डर सापडलं तर निदान पक्कं.

मग गेम बंद करून त्याचं अख्खं फोल्डर सी ड्राइव्हवर गेम्स नावाच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. आयएल-टू असा उचलून ठेवला तरी चालतो. व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फाइली त्यावर टाका, 'रिप्लेस' विचारेल, हो म्हणा; गेमच्या यूझर्स फोल्डरमध्ये तुमचे पायलट आहेत, ते असे वाचतात. नव्या जागेवरून गेम नीट चालला की मगच व्हर्च्युअलस्टोअरमधलं फोल्डर पुसा. डेस्कटॉपवरचा जुना शॉर्टकटही पुसा, नाहीतर सवयीने त्यावरच क्लिक होईल आणि पुन्हा मला शिव्या द्याल.

आता कॉन्फ फाईल. (नावं देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये अर्थातच रोमन आहेत.) आधी गेमसोबत येणारा आयएल-टू सेटअप चालवून ओपनजीएल ही चित्र काढायची पद्धत निवडा, कारण जमिनीचा तपशील 'परफेक्ट' हवा असेल तर तो ओपनजीएलमध्येच मिळतो. सेटअप बंद केल्यावर कॉन्फ फाईल उघडा. विंडो या भागात विड्थ १९२०, हाइट १०८०, कलरबिट्स ३२ आणि सेव्ह-अ‍ॅस्पेक्ट ०. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात; ती १ असेल तर चित्र ४:३ मध्येच राहतं. क्रम उलटा करू नका, सेटअप नंतर चालवलात तर तुमचे आकडे पुसले जातील. गेममधल्या व्हिडिओ मोडच्या यादीलाही हात लावू नका. लॅपटॉपवर स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल आणि चित्राचा कोपराच दिसत असेल तर ईएक्सईच्या प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' मध्ये स्केलिंग 'अ‍ॅप्लिकेशन' वर ठेवा.

डावीकडे ओढण्याचं. जॉयस्टिक सर्व्हिस सेंटरला नेणार म्हणालात. थांबा. रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाका. हात काढल्यावर अधिक चिन्ह मधोमध स्थिर असेल आणि ट्विस्टची (दांडा पिळण्याच्या अक्षाची) पट्टी थरथरत नसेल तर जॉयस्टिक ठणठणीत आहे. मग गेमच्या डिफिकल्टीत 'टॉर्क अँड जायरो इफेक्ट्स' (फिरत्या पंख्यामुळे विमानाला बसणारी ओढ) बंद करून एकदा उडा. ओढ गेली? मग ते इंजिन आहे. मेसरश्मिट १०९ चा पंखा कॉकपिटमधून बघितला तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पूर्ण थ्रॉटल एकदम दिला की नाक डावीकडे जाणारच. टेलव्हील (शेपटीचं चाक) लॉक करा, थ्रॉटल हळूहळू द्या, उजवा रडर (शेपटीवरचं पायाने फिरणारं सुकाणू) आधीपासून थोडा धरून ठेवा. हवेत गेल्यावर रडर ट्रिमची (रडर थोडा वळवून ठेवण्याची) कळ शोधत बसू नका, १०९ ला ती कॉकपिटमधून नव्हतीच. रडरवरची छोटी पट्टी जमिनीवर वाकवून ठेवत. ज्या वेगासाठी वाकवली तिथे विमान सरळ, बाकी वेळी पायाचं काम. हे समजलं की टॉर्क पुन्हा चालू करा, त्याशिवाय मजा नाही.

ट्विस्टची पट्टी खरंच थरथरत असेल तर आतला पोटेन्शिओमीटर (दांडा किती वळला ते मोजणारा भाग) मळलाय. गेमच्या इनपुट पानावर त्या अक्षाला थोडा डेडबँड (मधली बारीक हालचाल दुर्लक्षणारा पट्टा) दिला तर काम भागतं. नाही भागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनर स्प्रे. गंजाचं तेल नाही, ते आत धूळ धरून ठेवतं. मारून दांडा वीसएक वेळा इकडून तिकडे फिरवा आणि पूर्ण सुकू द्या. उघडलात की वॉरंटी गेली असं समजा, जबाबदारी तुमची. पण सर्व्हिस सेंटरचं काय सांगू! एका ठिकाणी (नाव घेत नाही) तीन आठवडे ठेवून 'सॉफ्टवेअर इश्यू' असा शेरा मारून जशीच्या तशी परत दिली जाते, आणि तपासणीचे पैसे वेगळे. न्यायचीच असेल तर थरथरणाऱ्या पट्टीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्या.

आणखी एक. जुने गेम पहिला सापडलेला कंट्रोलर धरतात. गेमपॅड लावलेला असेल तर काढा, किंवा त्याच जॉय डॉट सीपीएलमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जुन्या प्रोग्रॅमसाठी कुठलं उपकरण ते निवडा.

आता काय खेळायचं. मतं माझी, भांडायचं तर भांडा.

दुसऱ्या महायुद्धासाठी आयएल-टू १९४६ सोडू नकाच. २००६ च्या त्या संचात आधीचे भाग आणि पॅसिफिक सगळं एकत्र आहे, आणि टीम डायडॅलॉस या चाहत्यांच्या गटाचे पॅचही फुकट. क्विक मिशनमध्ये शस्त्रांच्या पानावर कन्व्हर्जन्स (दोन्ही पंखांतल्या गोळ्या एकत्र येतात ते अंतर) २०० मीटर करा, ५०० असेल तर जवळच्या विमानाच्या दोन्ही बाजूंनी गोळ्या निघून जातात आणि माणूस नेमाला दोष देतो.

पहिल्याच महिन्यात फाल्कन ४.० घेऊ नका. १९९८ चा हा गेम आजही जिवंत आहे तो बीएमएस या फुकट मॉडमुळे, त्यासाठी मूळ गेम मात्र विकत घेतलेला लागतो. कोरियातलं युद्ध तुमच्याशिवायही चालू राहतं, तुम्ही त्यातली एक फेरी उडता, ही त्याची खरी गंमत. पण एफ-१६ नुसतं सुरू करायचं तरी बघा: मेन पॉवर, मग जेएफएस (इंजिन फिरवणारा स्टार्टर) 'स्टार्ट २' वर, आरपीएम २० टक्क्यांवर आलं की थ्रॉटल कटऑफवरून आयडलला, मग आयएनएस (विमानाची दिशा-ठिकाण सांगणारी यंत्रणा) नॉर्मल अलाइनमेंटवर ठेवून साधारण ८ मिनिटं जागचं हलायचं नाही. यात ज्याला मजा वाटते त्याने खुशाल घ्यावं. इतरांनी धावपट्टीवरून सुरुवात निवडावी, त्यात कमीपणा नाही.

जेटच हवं आणि वेळ कमी आहे? एसयू-२७ फ्लँकर (१९९५) करणाऱ्या ईगल डायनॅमिक्सनेच पुढे लॉक ऑन (२००३) आणि मग डीसीएस हा सिम केला. डीसीएससोबत एसयू-२५टी फुकट येतं, त्यावर हात बसवा. मिग-२१बिस विकत मिळतं. नाशिककर असाल तर ओझरला बांधल्या गेलेल्या विमानाच्या कॉकपिटमध्ये बसल्याचं वेगळंच वाटेल. उतरताना वेग सोडला की ते दगडासारखं खाली येतं, थ्रॉटल मागे ओढायची घाई नको.

पहिल्या महायुद्धासाठी रेड बॅरन ३डी (१९९८). ग्लाइड या जुन्या ग्राफिक्स पद्धतीवर चालणारा, म्हणून तिची नक्कल करणारा एनग्लाइड किंवा डीजीव्हूडू २ हा प्रोग्रॅम लागेल. कोरियासाठी मिग अ‍ॅली (१९९९), त्याची मोहीम फार कमी लोकांनी नीट खेळलीय. डीजीव्हूडूतून डायरेक्टएक्सच्या डीएलएल घ्यायच्या तर एक्स८६ फोल्डरमधल्या. विंडोज ६४ बिट आहे म्हणून एक्स६४ मधल्या उचलल्या तर काहीच फरक पडत नाही आणि माणूस वेडा होतो, कारण गेम ३२ बिट आहे.

डॉसच्या जमान्यातला एकच सांगतो, चक येगर्स एअर कॉम्बॅट (१९९१). डॉसचे गेम आजच्या विंडोजवर चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये अ‍ॅस्पेक्ट ट्रू करा, नाहीतर सगळं चपटं दिसतं. जॉयस्टिक आपोआप सरकत असेल तर जॉयस्टिक भागातलं टाइम्ड हे फॉल्स करा. वेग जास्त-कमी वाटला तर कंट्रोल धरून एफ११ आणि एफ१२ ने सायकल्स घटवा-वाढवा.

रद्दीवाल्याकडून किंवा ऑनलाइन जुन्या डिस्क घेण्याआधी मात्र दहादा विचार करा. त्या काळातल्या बऱ्याच डिस्कवर सेफडिस्क नावाचं नक्कल रोखणारं कुलूप आहे, आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने त्याचा ड्रायव्हरच काढून टाकला. खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर ३ ची खरी, पैसे मोजून घेतलेली डिस्क मायक्रोसॉफ्टच्याच विंडोजवर चालत नाही, याला काय म्हणायचं! गॉग किंवा स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानांत मिळत असेल तर तिथूनच घ्या, सेलमध्ये वडापावच्या हिशोबात मिळतात.

लॅपटॉपला नमपॅड नसेल तर स्वस्तातला यूएसबी नमपॅड घ्या. मागे-बाजूला बघायच्या कळा बहुतेक जुन्या गेममध्ये तिथेच असतात.

व्हर्च्युअलस्टोअरमध्ये फोल्डर सापडलं का ते लिहा. नसेल सापडलं तर कॉन्फ फाईलमधला विंडो हा भाग जसाच्या तसा इथे चिकटवा, एखादी ओळ दोनदा आली असेल तर लगेच दिसेल.