जपानी इरॉटिक सिनेमांतल्या बायका इतक्या एकट्या का वाटतात?

तुमचा प्रश्न असा, की एवढी शारीर जवळीक दाखवणारे हे सिनेमे संपल्यावर जीव उदास का होतो. मला वाटतं, त्यातल्या बायकांना हवा असतो तो पुरुष नसतोच. आपण आहोत याची कुणीतरी दखल घ्यावी, एवढंच त्यांना हवं असतं.

रियुइची हिरोकीचा 'व्हायब्रेटर' (२००३) बघा. हिरोकी 'पिंक' सिनेमे, म्हणजे कमी पैशांतले प्रौढांसाठीचे सिनेमे, करत पुढे आलेला. मूळ कादंबरी मात्र मारी आकासाका या लेखिकेची आहे आणि ते जाणवतं. रेई ३१ वर्षांची, लिहून पोट भरणारी. डोक्यातले आवाज थांबत नाहीत, खाल्लेलं ओकून टाकते. बर्फाच्या रात्री वाइन घ्यायला दुकानात जाते, तिथे एक ट्रकवाला दिसतो आणि ती सरळ त्याच्या ट्रकमध्ये चढते. तिच्या मनातली वाक्यं पडद्यावर अक्षरांत उमटतात, कारण ती मोठ्याने बोलायला समोर कुणी नाहीच. ट्रकमधला प्रणय मला आता धूसर आठवतो. आठवतं ते पुढचं: ती पार कोसळते तेव्हा तो काही विचारत नाही, समजावत नाही, तिला गरम पाण्याच्या टबात घेऊन बसतो. रेई झालेल्या शिनोबू तेराजिमाचा त्या वेळचा चेहरा बघून मी रडले होते.

शिन्या त्सुकामोतोच्या 'अ स्नेक ऑफ जून' (२००२) मधली रिंको हेल्पलाइनवर परक्यांची दुःखं ऐकते. घरी नवरा सिंक घासत बसतो, झोपतो वेगळा. निळसर कृष्णधवल चित्रण, सतत पाऊस; दिसायला अप्रतिम. पण तिची इच्छा जागी होते ती एका माणसाच्या ब्लॅकमेलमुळे. ते मला आजही खटकतं, आणि खटकायलाच हवं.

नागिसा ओशिमाचा १९७६ चा 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस', १९३६ मध्ये टोकियोत सादा आबे या बाईने प्रियकराला मारलं त्या खऱ्या प्रकरणावरचा, बहुतेक जण आधी सुचवतील. थोर आहे, पण त्यापासून सुरुवात करू नका. तिथली भूक माणसालाच गिळते.

आधी 'व्हायब्रेटर'च बघा. त्यात शेवटाकडे तो तिला ट्रक चालवायला देतो. तिचे स्टिअरिंगवरचे हात बघा.