हृदयातला ब्रेक
प्रश्न: मोठ्या भावाच्या हृदयाची भिंत जाड झालीय, जीन टेस्टमधे मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी मधे दोष लिहिलाय. हे करतं काय?

उत्तर: हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन या प्रोटीनची डोकी ॲक्टिन या दुसऱ्या प्रोटीनच्या धाग्यांना पकडून ओढतात तेव्हा ठोका पडतो, आणि तुम्ही विचारलेलं प्रोटीन सी त्यातली काही डोकी धरून ठेवतं, ब्रेकच म्हणा ना, पण तुम्ही जिना चढायला लागलात की ॲड्रेनलिनमुळे त्याच्यावर फॉस्फेट चिकटतं, पकड सैल होते आणि ठोका जोरात पडतो. ब्रेकच कमी पडला तर स्नायू गरजेपेक्षा जास्त आवळतो, हळूहळू जाड होतो. आपल्याकडे तर याच प्रोटीनच्या जीनमधली डीएनएची २५ अक्षरं गळालेला प्रकार साधारण ४ टक्के लोकांत असतो, २००९ मधे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर संशोधन करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांनी हे दाखवलं. दोष असला म्हणजे आजार होतोच असं नाही, पण तुम्ही सख्खी भावंडं, तुमचाही इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्याच.