मिशिगनचं गणित: 13 जागा, नजर तीन-चार जागांवर

तुमचे तीन प्रश्न आहेत. 2026 ला मिशिगनमध्ये कोणाचं पारडं जड, डेट्रॉइटचे आपले मराठी खासदार श्री ठाणेदार पडणार का, आणि त्यांच्यासाठी मराठी मंडळातर्फे निधी गोळा करावा का. पहिल्याचं उत्तर 3 नोव्हेंबरला मिळेल, दुसऱ्याचं 4 ऑगस्टच्या प्रायमरीतच (पक्षाचा उमेदवार ठरवणारी आधीची निवडणूक). तिसऱ्याचं आत्ताच देतो, पण शेवटी.

प्रतिनिधिगृहात मिशिगनच्या 13 जागा. 2024 चा निकाल रिपब्लिकन 7, डेमोक्रॅट 6. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात झाली तशी मतदारसंघांच्या नकाशांची उलथापालथ इथे नाही. 2018 च्या सार्वमताने मतदारसंघ आखायचं काम आमदारांकडून काढून 13 नागरिकांच्या आयोगाकडे दिलं (4 डेमोक्रॅट, 4 रिपब्लिकन, 5 कुणाचेच नाहीत असे). म्हणजे 2022 आणि 2024 ज्या रेषांवर लढले गेले त्याच रेषा, आणि त्यामुळे जुन्या आकड्यांशी थेट ताळा जमतो.

बहुतेक जागांवर नोव्हेंबरात डोकं शिणवायची गरज नाही. अ‍ॅन आर्बर-कँटनचा सहावा मतदारसंघ डेमोक्रॅटांकडे राहणार, अप्पर पेनिन्सुलाचा पहिला रिपब्लिकनांकडे. ग्रँड रॅपिड्सच्या डेमोक्रॅट हिलरी शोल्टन आता बऱ्यापैकी स्थिरावल्या आहेत. फार्मिंग्टन हिल्सकडचा अकरावा हॅली स्टीव्हन्स सिनेटसाठी सोडताहेत, पण तिथेही खरी मारामारी डेमोक्रॅटांची आपापसातच.

खरा सामना लॅन्सिंगच्या सातव्यात. रिपब्लिकन टॉम बॅरेट 2022 मध्ये इथे डेमोक्रॅट एलिसा स्लॉटकिनकडून पडले. 2024 मध्ये स्लॉटकिन सिनेटला गेल्या, जागा मोकळी झाली आणि बॅरेट चार टक्क्यांहून कमी फरकाने निवडून आले. या मतदारसंघात एका टोकाला राजधानी, सरकारी नोकरदार आणि ईस्ट लॅन्सिंगचं विद्यापीठ, दुसऱ्या टोकाला पक्की रिपब्लिकन लिव्हिंगस्टन काउंटी. जी बाजू आपली माणसं घराबाहेर काढेल ती जिंकणार. ट्रम्प मतपत्रिकेवर असताना जे मतदार येतात त्यातले बरेच मध्यावधीला (अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधल्या निवडणुकीला) घरीच बसतात, हे 2018 मध्ये दिसलंय. त्या वर्षी याच राज्यात स्लॉटकिन आणि स्टीव्हन्स या दोघींनी रिपब्लिकनांच्या जागा खेचल्या होत्या. म्हणून बॅरेट मला सगळ्यात कच्चे वाटतात.

दहावा रिपब्लिकन जॉन जेम्स यांचा. ते गव्हर्नरपदासाठी उतरल्याने ही जागा मोकळी आहे. 2022 ला ते जेमतेम 1,600 मतांनी आले होते, 2024 ला सहा टक्क्यांनी. वॉरन, स्टर्लिंग हाइट्स हा गाड्यांच्या कारखान्यांचा पट्टा, वॉरनच्या जीएम (जनरल मोटर्स) टेक सेंटरमध्ये आपलेही पुष्कळ इंजिनियर आहेत. टॅरिफचा फटका कुणामुळे बसला आणि फायदा कुणामुळे झाला, हा वाद इथे जेवणाच्या सुट्टीत चालतो. जागा मोकळी म्हणून डेमोक्रॅट हुरळलेत, पण मला ही सातव्यापेक्षा अवघड वाटते. फ्लिंट-सॅगिनॉच्या आठव्यात उलटा प्रकार: 2024 मध्ये तिथल्या लोकांनी ट्रम्पना जास्त मतं दिली आणि तरी डेमोक्रॅट क्रिस्टन मॅकडॉनल्ड रिव्हेट यांना सहा टक्क्यांहून जास्त फरकाने निवडून दिलं. त्या वर्षी टिकल्या, तर या वर्षी पडायचं कारण दिसत नाही.

आता ठाणेदार. बेळगावचा माणूस डेट्रॉइटचा खासदार झाला याचं कौतुक मलाही आहे, पण कौतुक करणारे आपण बहुतेक ओकलंड काउंटीत राहतो आणि तेराव्यात आपलं मतच नाही. 2022 च्या प्रायमरीत नऊ उमेदवारांत त्यांना सुमारे 28 टक्के मतं पडली आणि तेवढ्यावर तिकीट मिळालं, कारण इथे दुसरी फेरी नसते. 2024 ला अ‍ॅडम हॉलिअर हा तगडा प्रतिस्पर्धी 1,000 वैध सह्यासुद्धा न भरल्याने मतपत्रिकेवरच आला नाही. दोन्ही वेळा नशीब, आणि खिशातला पैसा. शिवाय ठाणेदार आले तेव्हा जवळजवळ सात दशकांत पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही, ही सल त्या शहरात आहे. 2025 मध्ये त्यांनी ट्रम्पविरुद्ध महाभियोगाची कलमं मांडली आणि स्वपक्षीयांनी नाकं मुरडल्यावर मतदानाचा आग्रह सोडला. यंदा राज्यातले आमदार डोनव्हन मॅकिनी त्यांच्यासमोर उतरले आहेत, डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या पाठिंब्यासह. विरोधी मतं फुटली तर ठाणेदार तरतील. एकास एक झालं तर मी त्यांच्यावर पैज लावणार नाही.

ऑगस्टच्या मतपत्रिकेत दोन्ही पक्षांचे रकाने एकाच कागदावर असतात. इथे पक्षाची नोंदणी नसल्याने कुठलाही रकाना निवडता येतो, पण एकच. सिनेटला या रकान्यातला आणि प्रतिनिधिगृहाला त्या रकान्यातला, असं केलंत तर पक्षाची सगळी मतं बाद. इतक्या वर्षांचे नागरिकसुद्धा इथे चुकतात.

सिनेटला गॅरी पीटर्स निवृत्त होताहेत. रिपब्लिकनांकडून माइक रॉजर्स, जे 2024 ला 55 लाखांहून जास्त मतांत फक्त 19,000 च्या आसपास मागे राहिले. डेमोक्रॅटांत स्टीव्हन्स, मॅलरी मॅकमोरो आणि अब्दुल एल-सय्यद असे तिघे उतरले. रिपब्लिकनांना इथे सिनेटची जागा 1994 नंतर मिळालेली नाही, तरी ऑगस्टमधली भांडणं किती ताणली जातात ते कळेपर्यंत मी अंदाज सांगणार नाही.

आणि निधीचं. तुमचं मंडळ 501(सी)(3), म्हणजे करसवलत मिळालेली धर्मादाय संस्था, असेल तर उमेदवारासाठी त्याचं नाव, ईमेल यादी, हॉल काहीही वापरू नका, करसवलत जाईल. घरी कार्यक्रम ठेवा. त्यातही नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांनीच पैसे द्यायचे. एच-1बी वाल्यांना देणगी देता येत नाही, मित्राच्या क्रेडिट कार्डावरून तर मुळीच नाही. त्यांनी बिनपगारी फोन करावेत, पत्रकं वाटावीत, त्याला कुणाची हरकत नाही.