अर्जावर ‘प्रेफरन्स’ला काय छापायचं : पसंती, प्राधान्य की अग्रक्रम?

नाशिकमधल्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज मराठीत करताय आणि त्यात ‘प्रेफरन्स’ तीन ठिकाणी आलाय, खोल्यांच्या रकान्यात, माजी सैनिकांच्या पाल्यांच्या अटीत आणि जेवणाच्या ओळीत, असं तुम्ही लिहिलंय. तिन्हीकडे एकच शब्द टाकू नका. शब्दकोश बघून झाला असेलच, तो भाग सोडतो.

घोळ होतो तो खोल्यांच्या रकान्यात. तिथे ‘प्राधान्य (१ ते ५)’ छापलंत की काही पालक गुण दिल्यासारखे आवडत्या खोलीला ५ देतात, काही १ देतात, काही नुसतीच बरोबरची खूण करतात. नंतर कोणाला काय हवं होतं ते अर्ज बघून कळत नाही. इथल्या एका कार्यालयाचा अर्ज वर्षानुवर्षं असाच चालू आहे. खिडकीवर विचारलं तर ‘इंग्रजी प्रत ग्राह्य’. मग मराठी छापता कशाला? असो. रकान्याला ‘पसंतीक्रम’ म्हणा आणि लगेच खाली, मागच्या पानावर नव्हे, एवढं द्या : ‘सर्वांत हवी त्या खोलीसमोर १, ती न मिळाल्यास हवी तिच्यासमोर २. एक आकडा एकदाच.’

विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघाच्या निवडणुकीत हेच काटेकोर असतं. उमेदवारासमोर १ हा आकडाच लागतो, खूण चालत नाही. १ दोघांना दिला तर मत बाद. पुढचे आकडे ऐच्छिक. आणि सगळे ‘पहिल्या पसंतीची मतं’ म्हणतात, ‘प्राधान्याची’ कोणी म्हणत नाही. निवडणारा पसंती देतो, जागा किंवा सवलत देणारा प्राधान्य देतो, माझ्या मते फरक इतकाच.

म्हणून ‘माजी सैनिकांच्या पाल्यांना प्रेफरन्स’ इथे प्राधान्यच. पण कधी, तेही लिहा : गुण समान असतील तर, की सरसकट आधी? नोकरभरतीतल्या अशा अटीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली बाकी पात्रता समान असेल तेव्हाच प्राधान्य, असा अर्थ लावला होता. मी वकील नाही, वसतिगृहाचे नियम वेगळे असू शकतात. संस्थेला विचारून घ्या. अग्रक्रम कामांना ठेवा : ‘गळती अग्रक्रमाने दुरुस्त करणे’.

तिसरीकडे, जेवणाच्या ओळीत, नामच नको. ‘जेवण : शाकाहारी / मांसाहारी’, संपलं. ‘प्रेफरेबली’ला तर ‘शक्यतो’ आहेच : ‘शक्यतो तळमजला’. लग्नाच्या बायोडाटात आपण याच गोष्टीला ‘अपेक्षा’ म्हणतो आणि कॉमर्सवाले प्रेफरन्स शेअरला ‘अग्रहक्क भाग’. मोबाइलमधलं ‘प्राधान्ये’ मात्र कोणाच्या तोंडी ऐकलंय? तिथे ‘सेटिंग’ पुरे.

छपाईला देण्याआधी अर्ज दहावीतल्या एखाद्या पोराकडून काहीही न सांगता भरून घ्या. १ आणि ५ ची उलटापालट तिथेच दिसेल.