आईच्या पाटल्या मोडायच्या आहेत, पण कुणाला कळता कामा नये

"आईच्या पाटल्या मोडल्या तर पाप लागेल का?" समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सतत येतो. या वेळी तो विचारला गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका बावन्न वर्षांच्या बाईंनी. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घराचे वासे वाळवीने पोखरलेले. कौले उतरवून पावसाच्या आत नवे वासे चढवायचे होते. आईला जाऊन दीड वर्ष झालेले. तिच्या पत्र्याच्या पेटीत पाटल्यांची जोडी, लाखेवरची बोरमाळ, चांदीचे ताम्हण, पोर्तुगालच्या लुईश राजाची १८८२ सालची चार चांदीची नाणी, म्हणजे रुपिये, आणि एक जुनी पितळी मूर्ती.

बाई बाजारातल्या ओळखीच्या शेटकडे आधीच जाऊन आल्या होत्या. शेटनी सगळे एकदम काट्यावर ठेवले, एकच आकडा सांगितला आणि "आज दिलेत तरच हा भाव" असे बजावले. बाई देऊनही टाकणार होत्या. पाटल्या हातातून सुटेनात म्हणून परत आल्या, एवढेच.

पापाचा धागा ओढत गेल्यावर दोन वेगळ्या गाठी सापडल्या. एक आईच्या जाण्याची. ती पाटल्या ठेवल्याने सुटत नाही आणि विकल्याने घट्टही होत नाही. दुसरी गाठ अशी, की मुंबईच्या भावाला आणि सावंतवाडीच्या बहिणीला यातले काहीच सांगितलेले नव्हते. "आई माफ करील का" या प्रश्नाच्या पोटात "दादा काय म्हणेल" हा प्रश्न होता. हा घोळ घरोघरी होतो आणि तो पैशांनाही महाग पडतो. गुपचूप विकणारा माणूस घाईत असतो, पहिल्या आकड्याला मान डोलावतो, पावती मागायला लाजतो. दुकानदार लबाडच असायला हवा असे नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कुणीच देत नाही.

शिवाय गोव्यात हा नुसता मानापमानाचा विषय नाही. इथल्या वारसा कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखेच वाटेकरी, लग्न होऊन गेलेली बहीणसुद्धा. मुले असताना इच्छापत्र करूनही अर्ध्याच मालमत्तेची मनाजोगी वाटणी करता येते. "मी आईला सांभाळले, म्हणून पेटी माझी" हे कायद्यापुढे टिकत नाही.

म्हणून पहिले काम फोनचे. पहिले वाक्य खोलीतच लिहून घेतले: "दादा, वाशांसाठी पाटल्या मोडाव्या लागतील असे दिसते. यादी पाठवते, तुझे मत सांग." यात माफी नाही, रडणे नाही. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, मूर्ती विकू नको. बहिणीला ताम्हण हवे होते. पाटल्यांबद्दल दोघांचीही हरकत नव्हती. ज्याच्यासाठी बाई महिनाभर झोपल्या नव्हत्या, तो विषय चार मिनिटांत संपला.

मूर्ती विकायची नाही हे बरेच झाले. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. त्यांचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो, मूर्तीची नोंदणी लागते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवताच येत नाही. किनाऱ्यावरचा पर्यटक दामदुप्पट देतो म्हणाला तरी नाही. रुपियेही बाजूला ठेवले. ते वजनावर विकायचे नसतात. नाणे जमवणारा त्याची स्थिती बघतो. चिंच किंवा रांगोळी लावून घासलेत की किंमत गेलीच.

उरल्या पाटल्या आणि बोरमाळ. दोन दशांशांपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर प्रत्येक डागाचे, म्हणजे दागिन्याचे, वजन घेऊन, काट्यावरच फोटो काढून तो भावंडांना पाठवला. पाटल्या ४५.९० ग्रॅम, बोरमाळ ४१.२० ग्रॅम.

खरा घोटाळा बोरमाळेत. तिच्या मण्यांत लाख भरलेली असते आणि ती किती, हे बाहेरून दिसत नाही. शेटनी सरळ निम्मे वजन कापले होते. उरलेले २०.६० ग्रॅम १८ कॅरट, म्हणजे ७५ टक्के धरले आणि वर १० टक्के तूट, म्हणजे वितळवताना घटेल म्हणून केलेली कपात. हिशेब १३.९ ग्रॅम शुद्ध सोन्यावर आला. दुसऱ्या दुकानात बाईंनी आधी एकच मणी तापवून लाख काढायला सांगितली, मण्याचे आधीचे आणि नंतरचे वजन टिपून घेतले आणि मगच बाकीच्या माळेला हो म्हटले. लाख आणि दोरा निघाल्यावर सोने भरले २३.६० ग्रॅम, कस, म्हणजे शुद्धता, २० कॅरट, म्हणजे ८३.३ टक्के. शुद्ध सोने १९.६६ ग्रॅम. एकाच माळेत पावणेसहा ग्रॅमचा फरक!

कस बघणारे यंत्र फक्त वरचा थर वाचते. जोडाच्या डाखावर (सांधायला वापरलेल्या हिणकस धातूवर) ठेवले तर आकडा खाली येतो, म्हणून तीन जागी तपासायला सांगा. शंका उरली तर बीआयएसमान्य (भारतीय मानक ब्युरोने मान्यता दिलेल्या) परख केंद्रात थोडे शुल्क भरून स्वतंत्र तपासणी होते. हॉलमार्क नाही म्हणून जुना डाग विकता येत नाही, असे कुणी म्हणाले तर ते खोटे. हॉलमार्कची सक्ती विकणाऱ्या सराफाला आहे, तुम्हाला नाही. घरच्या माणसाने विकलेल्या जुन्या दागिन्यावर जीएसटीही कापायचा नसतो. वितळवण्याआधी मात्र नीट विचार करा. वितळल्यावर "नको, परत द्या" म्हणालात तर हाती गोळी येईल, पाटली नव्हे.

भाव विचारताना तीन गोष्टी सुट्या सुट्या विचाराव्या: खरेदीचा भाव, तो किती कॅरटचा आणि तूट किती टक्के. "सगळे मिळून एवढे" या वाक्यावर दुकानातून उठावे. दारात टेम्पो घेऊन येणारे जुन्या कपाटांचे गिऱ्हाईकही हेच वाक्य वापरतात. आणि दागिने उजळून देतो म्हणणाऱ्याला तर पायरीही चढू देऊ नये. त्याच्या पाण्यात सोने विरघळून राहते.

पैसे बँकेतून घ्यावेत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारणे कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला होतो, म्हणजे तुम्हाला. पावतीवर एकूण वजन, निव्वळ वजन, कस, भाव, तूट हे सगळे हवे. नफ्यावर कर बसू शकतो. आईचा डाग २००१ च्या आधीचा असेल, तर १ एप्रिल २००१ ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते.

पावतीचा फोटो त्याच संध्याकाळी भावाला गेला. त्याचा उलट प्रश्न आला, "आईच्या वहीत पाटल्या चार तोळे आहेत, म्हणजे चाळीस ग्रॅम. इथे ४५.९० कसे?" बाईंनी कळवले, जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. चार तोळ्यांचे ४६.६६ होतात, त्यातले पाऊण ग्रॅम आईच्या हातावर झिजले.