शेअरपॉइंटवर बाहेरचं अ‍ॅड-ऑन टाकायचंय?

प्रश्न: मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आयटी बघतो. साहेबांना शेअरपॉइंट ऑनलाइनवर (कंपनीच्या आतल्या साइट्ससाठीची मायक्रोसॉफ्टची सेवा) रजेचं कॅलेंडर पाहिजे, बाहेरच्या एकाने फाईल पाठवलीये पण मला ती साइटवर चढवायचा ऑप्शनच दिसत नाही. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: साइटचे ओनर असलात तरी पॅकेज, म्हणजे ती फाईल, आधी कंपनीच्या अ‍ॅप कॅटलॉगमध्ये (कंपनीत वापरायच्या अ‍ॅप्सचा साठा) जावं लागतं आणि ते काम शेअरपॉइंट अ‍ॅडमिनचं, त्यांनी तिथे चालू केलं की मग तुम्हाला ते साइटवर घेता येतं. पण आधी फाईल बघा. नावाच्या शेवटी डॉट एसपीपीकेजी (.sppkg) असेल तर ठीक. नुसती डॉट अ‍ॅप असेल तर तो जुना अ‍ॅड-इन प्रकार, मायक्रोसॉफ्टने २ एप्रिल २०२६ ही त्याची शेवटची तारीख ठरवलीये, त्यावर एक रुपयाही घालू नका.

आणि हे नीट वाचा, असा वेब पार्ट, म्हणजे पानावर बसणारा हा छोटा प्रोग्राम, पान बघणाऱ्याच्याच परवानग्यांनी चालतो, म्हणजे एचआरच्या मॅडमनी पान उघडलं तर त्यांना दिसणारा पगाराचा डेटा त्या कोडलाही मिळू शकतो! डेटा कुठे जातो हे बनवणाऱ्याकडून लेखीच घ्या. अ‍ॅडमिनना सांगा, लगेच सगळ्या साइट्सना देऊ नका, आधी एका टेस्ट साइटवर आठवडाभर चालवून बघू.