आजोबांच्या नावावरची फियाट नातवाकडून घेताना

प्रश्न : सांगलीच्या एका वाचकाला 1973 सालची प्रीमियर प्रेसिडेंट, म्हणजे ‘पद्मिनी’ हे नाव मिळण्याआधीची फियाट, 60,000 रुपयांत मिळते आहे. एकूण तरतूद दोन लाखांची असून जुनी गाडी उभी करण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रयत्न आहे. आर.सी. बुक विक्रेत्याच्या आजोबांच्या नावावर आहे. आजोबा 2011 साली वारले, त्यांना दोन मुलगे व एक मुलगी असून तिघेही हयात आहेत. नोंदणीची मुदत केव्हाच संपली आहे. नातू 100 रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर लिहून देण्यास तयार आहे. इंजिन जाम असल्याने दुसऱ्या गाडीचे भंगारातले इंजिन बसवावे, असे मिस्त्रीचे म्हणणे आहे.

उत्तर : आपल्या पत्रात इंजिनाबद्दल दीड पान आहे आणि मालकीबद्दल दोन ओळी, माझे उत्तर उलट्या प्रमाणात आहे, याबद्दल क्षमस्व.

आजोबांनी मृत्युपत्र केले नसेल आणि कुटुंबास हिंदू वारसा कायदा, 1956 लागू असेल, तर गाडी त्यांच्या तिन्ही अपत्यांची, आणि आजी त्या वेळी हयात असल्यास त्यांचीही, झाली. वडील हयात असताना नातवाचा तिच्यात हिस्सा नाही. वस्तुविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 27 नुसार, जो मालक नाही आणि ज्याला मालकाची संमतीही नाही, त्याच्याकडून घेणाऱ्याला सर्वसाधारणपणे मालकी मिळत नाही. नोटरीच्या शिक्क्याने ही उणीव भरून निघत नाही. रंगकाम पूर्ण झाल्यावर आत्याबाई हक्क सांगत आल्या, तर आपल्या हाती केवळ नातवाविरुद्धचा दावा उरेल.

रीतसर मार्ग असा, की मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे जोडून नमुना 31 द्वारे गाडी आधी एका वारसाच्या नावावर करावी आणि त्याने नमुना 29 व 30 वर सही करून ती आपल्याला द्यावी. जुन्या पुस्तकाची नोंद संगणकावर नसल्यास आधी आर.टी.ओ.त बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागेल. विलंबशुल्क आणि थकीत पर्यावरण कर यांचा आकडा तेथूनच घ्यावा व मगच किंमत ठरवावी.

खरी अडचण पुढे आहे. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी नमुना 25 भरून गाडी तपासणीस न्यावी लागते, म्हणजे नावावर होण्याआधीच तिच्यावर खर्च करणे आले. म्हणून सर्व वारसांच्या सह्यांचा करार करावा : इसार लहान ठेवावा, उरलेली रक्कम हस्तांतरणानंतर द्यावी, आणि वारसांमुळे हस्तांतरण अडल्यास इसारासह दुरुस्तीचा खर्चही परत मिळेल, असे कलम त्यात घालावे. तोपर्यंत फक्त इंजिन, ब्रेक आणि दिवे एवढेच काम करावे. गाद्या, क्रोम व रंग नंतर. गॅरेजचे कामही टप्प्याटप्प्याने लेखी द्यावे, कारण भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 170 नुसार मजुरी थकल्यास कारागिराला गाडी अडवून ठेवता येते. गाडी टेम्पोवरूनच न्यावी. वैध नोंदणी व विम्याशिवाय ती रस्त्यावर चालवणे हा गुन्हा आहे.

इंजिन बदलण्यास माझा सल्ला नकारार्थी आहे. त्याला आर.टी.ओ.ची परवानगी लागते, ही एक बाब. शिवाय पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटल्यामुळे ही गाडी 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीस पात्र ठरू शकते, मात्र चेसिस, बॉडी शेल वा इंजिनात फेरफार झालेला असल्यास ती संधी जाते. या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये व मुदत 10 वर्षे आहे. पण तिच्यावर रोजचा वापर चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती यांपुरतीच गाडी बाहेर काढता येते. आपल्याला रविवारी कुटुंबासह औदुंबरला जायचे असेल, तर साधे नूतनीकरणच बरे.

इसार देण्याआधी मात्र तारेचा ब्रश, बॅटरी आणि पेन्सिल घेऊन स्वतः जावे, गंज घासून चेसिस क्रमांकाचा कागदावर ठसा घ्यावा आणि तो पुस्तकातील क्रमांकाशी अंक-अंक ताडून पाहावा. एकही अंक जुळला नाही, तर वारसांच्या सह्या गोळा करण्याच्या खटाटोपात पडू नये.